आवाजाचा अनुशेष

परवा पुन्हा तेच झालं.

नांदेडपासून तासाभरावर, एका तालुक्याच्या गावी व्याख्यान होतं. मोठा मंडप. स्टेजमागे भलामोठा फ्लेक्स (त्यावर मान्यवरांचे एकवीस फोटो, त्यात मी शेवटून दुसरी). हार, शाली, नारळ, फेटे... सगळं जिथल्या तिथं. आणि माईक? एका उंच स्टँडला चिकटपट्टीनं बांधलेलं एक दांडकं. माझी उंची पाच फूट एक इंच आणि स्टँडचा स्क्रू गंजलेला. मी टाचा उचलून बोलायला लागले, तर कर्ण्यातून आधी शिट्टी आणि मग माझाच आवाज तीन हप्त्यांत, "नमस्कार... स्कार... कार." आदल्या रात्री तिथं ऑर्केस्ट्रा झाला होता, तेव्हाचा इको तसाच राहिला होता. साऊंडवाल्या पोराकडं बघितलं, तर तो तिथूनच म्हणाला, "बोला मॅडम, चालू हाय!"

पाच मिनिटांनी मागच्या रांगेतून एक म्हातारे बाबा उठले. "बाई, मागं काहीच ऐकू येईना गेलंय." संयोजकांनी त्यांना हातानंच खाली बसायची खूण केली. बाबा बसले. थोड्या वेळानं बघते तर खुर्ची रिकामी.

आता खरी लाजेची गोष्ट सांगते. त्या वेळी माझ्या पर्समध्ये माझा स्वतःचा छोटा वायरलेस माईक होता. चार्ज केलेला. मी तो काढला नाही. का? तर संयोजकांना वाईट वाटेल, "मॅडम स्वतःचा माईक घेऊन आल्या, आमच्यावर विश्वास नाही" असं कुणी म्हणेल, म्हणून. म्हणजे एकवीस फोटोवाल्यांचा मान राखायला मी त्या बाबांना घरी पाठवलं.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय ते आज लिहून टाकते. माझं म्हणणं सरळ आहे. जो माणूस चारचौघांत बोलायला जातो, मग तो प्राध्यापक असो, कीर्तनकार असो की बचत गटाची अध्यक्ष असो, त्यानं स्वतःचा माईक बाळगावा आणि आपण बोललो ते दर वेळी रेकॉर्ड करावं. हा नखरा नाही, आणि आत्मप्रौढी तर नाहीच नाही. ज्यांच्यासाठी बोलायला गेलो त्यांच्याशी केलेला साधा सरळ व्यवहार आहे.

पहिला वाद "मला माईक लागतच नाही"वाल्यांशी. हे आपल्याकडं फार. उठायचं, माईक हातानं बाजूला सारायचा आणि म्हणायचं, "माझा आवाज शेवटपर्यंत पोचतो!" लगेच टाळ्या. पण टाळ्या कुठून येतात ते एकदा बघा. पुढच्या चार रांगांतून. ज्यांना ऐकूच आलं नाही ते टाळ्या कशाला वाजवतील? आपल्या व्याख्यानमालांना येतं कोण, तर बहुतेक पिकल्या केसांची माणसं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की साठीच्या पुढच्या लोकांत चारांपैकी एकाहून जास्त जणांना त्रास व्हावा इतपत कमी ऐकू येतं. म्हणजे शंभर ज्येष्ठ समोर बसले असतील तर त्यात पंचवीस तरी असे. त्यातला कुणीही उठून "मला ऐकू कमी येतं" असं सांगत नाही. तो नुसता हसरा चेहरा ठेवून बसतो आणि कार्यक्रम संपल्यावर "छान झालं" म्हणतो. तुमचा खणखणीत आवाज ही तुमची मिजास झाली. त्याच्या कानाला तिचा काय उपयोग?

आणि बायकांचं तर विचारूच नका. स्टँड पुरुषाच्या उंचीचा आणि आवाजाची बटणं आधीच्या भाषणाच्या गर्जनेला लावलेली. त्यात बाई हळू बोलली की "बाईंचा आवाज बारीक आहे" हा शेरा ठरलेला. आवाज बारीक नाही हो, माईक दीड वीत वर आहे!

दुसरा वाद शिष्टाचाराचा. स्वतःचा माईक नेणं म्हणजे संयोजकांचा अपमान, हे कुणी ठरवलं? तबलजी स्वतःचा तबला आणतो तेव्हा कुणाला राग येत नाही. कीर्तनाला येणारे टाळकरी टाळ गळ्यात घालूनच येतात. डॉक्टर घरी तपासायला आले तर "तुमच्याकडं स्टेथोस्कोप आहे का?" असं विचारतात का? मग बोलणं हेच ज्याचं काम, त्यानं तेवढं एक हत्यार मात्र मंडपवाल्याकडून उसनं का घ्यावं?

साऊंडवाल्या पोराला मी दोष देत नाही हे आधीच सांगते. त्याला बोलावलं जातं वरातीसाठी नाहीतर गणपतीसाठी, आणि पैसे मिळतात सगळ्यात शेवटी. फुलांचा खर्च आगाऊ, आवाजाचा खर्च उधार, ही आपली रीत. ती त्यानं पाडलेली नाही.

आता सामानाबद्दल. पुष्कळ जण विचारतात म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

या माईकचे दोन भाग. एक आगपेटीएवढा, तो कपड्याला लावायचा. तो आपला आवाज पकडून हवेतून पाठवतो. दुसरा तो आवाज घेणारा, म्हणजे रिसीव्हर. तो मोबाईलला जोडता येतो, नाहीतर वायरनं साऊंडवाल्याच्या मशीनला. ही वायर स्वतःजवळ ठेवायची, कारण रिसीव्हरची पिन बारीक (३.५ मिलिमीटर) आणि साऊंडवाल्याचं भोक जाड (६.३५ मिलिमीटर). त्या पन्नास-शंभराच्या जोडणीपायी अख्खा माईक पर्समध्ये पडून राहिलेला मी पाहिलाय. किंमत म्हणाल तर दोन-अडीच हजारांपासून पुढं वीस-पंचवीस हजारांपर्यंत कितीही. सुरुवातीला स्वस्तातला पुरतो. फक्त ब्लूटूथवर चालणारा घेऊ नका. त्यात आवाज क्षणभर मागून येतो, आणि आपलेच शब्द आपल्या मागून ऐकत बोलायचं म्हणजे जीभ अडखळते. यातले बरेचसे माईक २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालतात. भारतात २००५ पासून हा पट्टा कमी ताकदीच्या उपकरणांसाठी विनापरवाना खुला आहे, त्यामुळं कुठली परवानगी काढावी लागत नाही. पण घरातलं वायफायही तिथंच नांदतं, म्हणून गर्दी होते. शिवाय हा पट्टा माणसाच्या शरीरातून नीट पार होत नाही. माईक छातीवर आणि रिसीव्हर पाठीमागं ठेवला की आवाज तुटतो. दोघांनी एकमेकांना 'बघायला' हवं, एवढं लक्षात ठेवा.

माईक लावायचा हनुवटीखाली वीतभर. इथं आपल्या मराठवाड्याचा खास प्रश्न येतो, तो म्हणजे सत्कार! आधी माईक लावला आणि मग शाल पांघरली, वर हार घातला, की रेकॉर्डिंगमध्ये नुसती खसखस. कडक इस्त्रीचा खादीचा कुर्ताही तेवढाच त्रास देतो. म्हणून आधी सत्कार, मग शाल घडी करून खुर्चीवर, मग माईक. साडी नेसणाऱ्यांनी पदराला लावू नये, पदर सरकतो. ब्लाऊजच्या गळ्याला किंवा खांद्याच्या पिनेजवळ लावावा. आणि खाली उतरल्यावर बंद करायला विसरू नका :) जेवणाच्या पंगतीत आपण अध्यक्षांबद्दल काय बोललो ते कर्ण्यातून ऐकू येणं बरं नव्हे.

एक कबुली द्यायलाच हवी. हा माईक सगळीकडून ऐकणारा असतो. त्यामुळं कर्ण्याच्या समोर गेलात की त्याचाच आवाज पुन्हा पकडतो आणि शिट्टी मारतो. मोठ्या मंडपात कर्णे आपल्या पुढं आणि आपण मागं, अशी रचना हवी. ती नसेल तर मंडपासाठी त्यांचाच माईक वापरावा, आणि आपला नुसता रेकॉर्डिंगपुरता छातीला लावावा. म्हणजे स्वतःचा माईक ही काही जादूची कांडी नाही. अर्धा तास आधी पोचणं, साऊंडवाल्या पोराला नाव विचारून चहा पाजणं, "इको तेवढा काढ रे बाबा" म्हणणं, मागच्या खुर्चीवर कुणाला तरी बसवून "ऐकू यायलंय का?" असं विचारणं, हे त्याच्याहून महत्त्वाचं. त्या दिवशी मी यातलं काहीच केलं नव्हतं.

तिसरा वाद रेकॉर्डिंगचा. "पुढच्या रांगेत वीस जण मोबाईल धरून बसलेले असतात, तुम्ही वेगळं कशाला करता?" असं भाऊजी विचारतात. दोन कारणं.

पहिलं साधं शाळेतल्या विज्ञानाचं. अंतर दुप्पट झालं की आवाजाची तीव्रता चौथाईवर येते. माझ्या छातीवरचा माईक तोंडापासून २० सेंटिमीटरवर. पुढच्या रांगेतला मोबाईल ४ मीटरवर, म्हणजे २० पट लांब. तोंडून थेट त्याच्यापर्यंत पोचणारी तीव्रता ४०० व्या हिश्श्याएवढी. डोक्यावरचा पंखा मात्र त्याला पुरेपूर ऐकू येतो, आणि कर्ण्यातून येणारा आवाज मिळतो तो इकोसकट. मग घरी जाऊन ऐकलं की पंख्याचं भाषण आणि मागं कुणीतरी बाई.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. त्या वीस मोबाईलमधून बाहेर पडतो तो वीस सेकंदांचा तुकडा. मागचंपुढचं कापलेला. तो व्हॉट्सअपवर फिरतो, आणि "तुम्ही असं बोललात" म्हणून लोक जाब विचारतात. तुमच्याकडं तुमचं अख्खं भाषण नसेल तर तुम्ही काय दाखवणार? "मी तसं म्हणाले नव्हते" हे शब्द फार दुबळे असतात. पूर्ण रेकॉर्डिंग हा बोलणाऱ्याचा सातबारा आहे. तो आपल्याच नावावर, आपल्याच कपाटात हवा.

पण हे हत्यार उलटंही चालतं, आणि ते मला जास्त मोलाचं वाटतं. मी पहिल्यांदा माझं स्वतःचं पूर्ण भाषण ऐकलं तेव्हा अक्षरशः कानशिलं तापली. दर वाक्याला "म्हणजे". एक विनोद दोनदा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे किल्लारीच्या भूकंपाची तारीख मी ठासून २९ सप्टेंबर सांगितली होती. माहेर लातूरचं असून! भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३ ला, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून लोक झोपले होते, म्हणून आपल्या बोलण्यात 'विसर्जनाची रात्र' बसलीय, आणि माझ्या तोंडी २९ तारीख. ही चूक मी किती वर्षं, किती गावांत वाटत फिरले कोण जाणे. कुणी टोकलं नाही. वक्त्याला कोण टोकतं? रेकॉर्डरनं टोकलं. जो माणूस आपलं बोलणं ऐकायला घाबरतो, त्यानं ते दुसऱ्याला का ऐकवावं, एवढाच माझा सवाल आहे.

(रेकॉर्ड करताना मोबाईल एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर ऐन रंगात फोन येतो आणि रेकॉर्डिंग थांबतं. हल्ली काही माईकमध्येच साठवायची सोय असते, ती असेल तर उत्तम. आणि प्रश्नोत्तरांच्या वेळी लोकांना सांगा की रेकॉर्डिंग चालू आहे. एखादी बाई घरातलं दुःख बोलायला लागली तर सरळ बंद करा. आपलं बोलणं आपलं, तिचं तिचं.)

आता मूळ दुखण्याकडं येते.

नांदेडचा माणूस वक्तृत्वाचा विषय निघाला की कुरुंदकरांवर येतो. नरहर कुरुंदकर, पीपल्स कॉलेजचे प्राचार्य. १० फेब्रुवारी १९८२ ला तेव्हाच्या औरंगाबादला एका कार्यक्रमाच्या व्यासपीठावरच गेले, वय अवघं ४९. त्यांची पुस्तकं आहेत, हे खरं. पण ज्यांनी त्यांना ऐकलं ते सांगतात की पुस्तक वेगळं आणि ते बोलणं वेगळं. त्यातलं थोडं आज आपल्याला ऐकता येतं, कारण कुठल्यातरी श्रोत्यानं तेव्हा टेपरेकॉर्डर लावून ठेवला होता. गाडगेबाबांचंही तसंच. १९५६ च्या नोव्हेंबरात मुंबईत वांद्र्याला झालेलं त्यांचं कीर्तन कुणीतरी ध्वनिमुद्रित केलं. पुढच्याच महिन्यात, २० डिसेंबरला, बाबा गेले. त्या एका रेकॉर्डिंगमुळं बाबा लोकांना कसे प्रश्न विचारत आणि लोक कसे एका सुरात उत्तर देत, ते आज शाळेतलं पोरसुद्धा ऐकू शकतं. ते नसतं तर आपल्याकडं नुसता खराटा आणि गाडग्याचं चित्र उरलं असतं.

मुंबई-पुण्याच्या आवाजांची काळजी घ्यायला कॅसेट कंपन्या होत्या, आकाशवाणी होती, दूरदर्शन होतं. पु. लं. चा आवाज घराघरांत आहे. आपल्याकडच्या तालुक्याच्या गावी जे लोक बोलले, त्यांच्या पुढ्यात कोण टेप लावणार? रस्त्यांचा, सिंचनाचा अनुशेष मोजायला १९८३ मध्ये दांडेकर समिती नेमली गेली. तेव्हापासून मराठवाड्याचा अनुशेष हा शब्द आपण जेवणातल्या लोणच्यासारखा वापरतो. पण आवाजाचा अनुशेष कुणी मोजला नाही. तो सरकार भरूनही देणार नाही.

माझ्याच घरचं सांगते. आजोबा आमच्या लातूरकडच्या गावात दर झेंडावंदनाला शाळेत बोलायचे. रझाकारांचे दिवस, लपतछपत बार्शीकडं गेलेली माणसं, १९४८ च्या सप्टेंबरात भारताचं सैन्य आलं तेव्हाचा गाव. वाचून नाही, पाहिलेलं. आम्ही पोरं चुळबुळ करायचो, कारण पुढं लिमलेटच्या गोळ्या मिळायच्या. तेव्हा घरात टेपरेकॉर्डर होता. त्याच्यावर मी रेडिओवरची सिनेमाची गाणी भरून घ्यायचे, कॅसेटवर रंगीत पेननं नावं लिहायचे. आजोबांसमोर तो एकदाही ठेवला नाही. आजोबा मी कॉलेजात असताना गेले. आज घरात त्यांचा फोटो आहे, काठी आहे, चष्मा आहे. आवाज कुणाकडंच नाही. आम्ही भावंडं जमलो की "आजोबा 'पोरांनो' कसं म्हणायचे" यावर वाद होतो, आणि तो वाद आता सुटणार नाही.

म्हणून "स्वतःला रेकॉर्ड करणं म्हणजे स्वतःला फार मोठं समजणं" असं कुणी म्हटलं की माझं टाळकं सणकतं. आजोबा कुठं मोठे होते? शेतकरी होते. फक्त मोठ्यांचाच आवाज ठेवायचा असं ठरवलं, तर आपल्या दोन जिल्ह्यांतल्या निम्म्या गोष्टी जमिनीत गेल्याच म्हणून समजा.

गेल्या दिवाळीत लातूरला गेले तेव्हा आत्याच्या पदराजवळ हाच आगपेटीएवढा माईक लावला (पिनेपाशी!), पंखा बंद केला आणि विचारलं, "आत्या, बार्शीला गेलात तेव्हा सोबत काय काय नेलं होतं?" आत्या आता ८६ वर्षांची. आधी म्हणाली, "हे काय लावायलीस गं मला?" मग बोलत राहिली, ४७ मिनिटं. मधे एकदा आजोबांची नक्कल करून "पोरांनो" म्हणाली. ते खरंच तसं होतं की नाही ते मला आता सांगता येत नाही. पण निदान आत्याचं "पोरांनो" आहे. दादा, वहिनी, हवं असेल त्यांनी कळवा, पाठवते.

पुढच्या महिन्यात पुन्हा एका गावी जायचंय. पत्रिका आलीय, फ्लेक्सवर फोटो असणारच. या वेळी मी अर्धा तास आधी जाणार आहे, आणि कुणाला काय वाटेल ते वाटो, माईक पर्समधून काढणार आहे. मागच्या रांगेतले बाबा आधी, एकवीस फोटोवाले नंतर.